नरसूची नजर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही नरसूला ओळखत नाही. ओळखत असता, तर तुम्हालाही तो आवडला असता — आणि मग माझं तोंड उघडलं नसतं.

नरसू माझा मित्र. अक्कलकोट रोडला त्याचे टॉवेलचे चार माग आहेत. रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. शेंगाचटणी पुन्हा मागून घेतो आणि माझ्या मुलांना तीच गोष्ट सांगतो. "तुमच्या बाबानं पंजा दाखवला की! मलाच अंगठा दिसला. लई आंधळा हाय मी." मुलं हसतात. मीही हसतो — दुसरं काय करणार?

बहात्तर साली आम्ही दोघे परमुलखात जेट इंजिनांच्या चाचणीवर होतो. इकडे सोलापुरात दुष्काळ, आणि तिकडे आम्ही चालत्या इंजिनात पाणी फवारत होतो. विमान पावसात शिरलं, तर हवा दाबणारा कॉम्प्रेसर किती सोसतो, हे बघायचं होतं. थोडं पाणी चालतं. हवा थंड होते, दाब किंचित वाढतोही. जास्त झालं की बाहेरचं कवच गार पडून आवळतं, फिरती पाती त्याला घासतात, हवा उलटी उसळते. त्या आवाजात बोलणं अशक्य. म्हणून काचेआडून काटे मी बघायचे, खुणा मी करायच्या, आणि व्हॉल्व्ह नरसूने फिरवायचा. अंगठा म्हणजे वाढव. पंजा म्हणजे थांब. त्याने फक्त माझा हात बघायचा.

त्या दिवशी दाबाचा काटा थरथरू लागला. मला दिसला — नीट दिसला. पण आलेखासाठी शेवटचा एक आकडा हवा होता. अर्धवट आलेख मला सोडवत नाही. याला काय गुण म्हणायचं? मी अंगठा दाखवला. तोफेसारखा बार झाला. पाती गेली.

चौकशीत मी म्हणालो — पंजा दाखवला होता.

नरसूने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी खोटं बोलेन, हे त्याच्या मनातही आलं नाही. आपलीच नजर चुकली, म्हणाला. त्याला काढलं. मी राहिलो.

आजही मागावर नवा ताणा चढवला की तो शेजाऱ्याला हाक मारतो, "बघ की जरा, बरोबर हाय न्हवं?" बरोबरच असतो.

गेल्या महिन्यात त्याच्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. नजर उत्तम आहे, चष्म्याची गरज नाही, असं ते म्हणाले.

"पुन्हा एकदा बघा की, डॉक्टर," नरसू म्हणाला.

त्यांनी पुन्हा तपासलं. मी शेजारच्या खुर्चीत बसून होतो.