चाळीस समाधानी विद्यार्थी

मुलुंडहून सकाळी निघाले तेव्हाच दमलेली होते. वीस वर्षं कॉलेजात शिकवल्यावर, सेहेचाळिसाव्या वर्षी मी पीएचडीला नाव घातलं. विषय घेतला, मुलं पहिल्या वर्षानंतर कॉलेज का सोडतात. तीन कॉलेजांतून भरलेल्या प्रश्नावल्या आज हाती आल्या, तरच प्रबंध मुदतीत जाणार होता. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती.

घाटकोपरच्या कॉलेजात परीक्षा चालू होती, म्हणून पाऊण तास फाटकाशीच गेला. वॉचमनने विचारलं, "मॅडम, पालक का?" "नाही, विद्यार्थिनी," म्हटल्यावर त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि खुर्ची आणून दिली. शेवटी सदतीस फॉर्म मिळाले. एकीने 'घरी बसायला जागा नाही' एवढंच लिहून बाकी सगळं कोरं सोडलं होतं. बाहेर उभ्याउभ्या खमण खाल्लं आणि मेट्रो पकडली.

अंधेरीच्या ग्रंथपालबाईंनी गठ्ठा बांधून ठेवला होता. चहा पाजता पाजता त्यांनी स्वतःच्या अर्धवट पीएचडीची कहाणी ऐकवली. "सोडून दिलं गं मी. आता झोप काय झकास लागते!" मला त्यांचा खरोखर हेवा वाटला.

दुसऱ्या मेट्रोने बोरिवली गाठली. खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसत होते, पण माझं सगळं लक्ष पिशवीत किती फॉर्म झाले याच्याकडे. कॉलेजचे हेडक्लार्क सावंत दारातच उभे होते. मूळचे मालवणचे.

"मॅडम, तुमचा काम केलंय. एकव फॉरम रिकामो नाय. वायच (जरा) चाय घेवा."

मी गठ्ठा चाळला. चाळीस फॉर्म आणि चाळीसही 'अत्यंत समाधानी'. निळं पेन, काळं पेन, मध्येच हिरवं. अक्षर मात्र सगळीकडे एकच.

"सावंत, हे कोणी भरले?"

"मीच. तपासणी समिती येता तेव्हा आमी भरतंव, तसेच. पोरांका कशाक त्रास?"

त्यांच्यावर चिडायलाही तोंड नव्हतं. आमच्या स्टाफरूममध्ये दार लोटून, पेनं बदलून, मुलांच्या नावाने असे शेकडो फॉर्म मीही भरलेत. 'दोन-चार ठिकाणी नाराजी दाखवा, म्हणजे खरं वाटेल,' ही सूचनाही माझीच होती. सगळे हसले होते, मीही.

जिन्यात बसून गाइड मॅडमना फोन लावला.

"घालून टाक गं. चाळीसच तर आहेत, कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना, मॅडम."

"मग या मुदतीत सबमिशन विसर. नोंदणी गेली तर पुन्हा पहिल्यापासून नाव घालावं लागेल."

"घालीन," म्हटलं आणि फोन ठेवल्यावर रडू आलं. चार वर्षं गेली होती त्यात.

गठ्ठा परत दिला तेव्हा सावंतांचा चेहरा उतरला. "अक्षर बरा नाय काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अक्षर छान आहे हो." दुसरं काय सांगणार होते?

परतीच्या बसमध्ये फोन वाजला. विभागाच्या ग्रुपवर आमच्या हेडसरांचा मेसेज होता: 'समिती पुढच्या आठवड्यात येत आहे. उद्या फीडबॅक फॉर्म भरायचे आहेत. सर्वांनी दोन-तीन रंगांची पेनं आणावीत.' खाली भराभर अंगठे पडत होते.

पवई मागे पडेपर्यंत मी स्क्रीनकडे नुसती बघत बसले. भीती वाटत होती, उगाच नाही कशाला म्हणू? हेडसरांशी वाकडं घेऊन नोकरी करणं सोपं नसतं. पण चार वर्षांत पहिल्यांदाच आपण संशोधक असल्यासारखं वाटत होतं, आणि ते वाटणं मुळीच सुखाचं नव्हतं.

'मी भरणार नाही,' मी लिहिलं. 'फॉर्म वर्गात वाटू या. मुलं भरतील.' आणि पाठवून दिलं.

मुलुंड येईपर्यंत ग्रुपवरच्या अकराही जणांनी ते वाचलं होतं. उत्तर एकाचंही नव्हतं.