देशमुखकाकूंचं संस्कृत

आमच्या परदेशातल्या गावी, ईडन प्रेरीत, देशमुखकाकू दार उघडायच्या त्या एकाच वाक्यानं. ‘बूट अन् इंग्रजी बाहेरच काढा बाप्पा, आत दोन्ही चालत नाही.’ मूळच्या नागपूरच्या, निवृत्त डॉक्टर. दर शनिवारी बेसमेंटमध्ये मुलांना संस्कृत शिकवायच्या. मधोमध शेंगांची परात. सोलता सोलता ‘रामः रामौ रामाः’. हात रिकामे असले की डोकं भटकते, असं त्यांचं म्हणणं.

मी पुण्याची, रविवारच्या मराठी शाळेतली बाई. तक्ते, गाणी, खेळ सगळं करूनही माझा वर्ग ओस पडत चालला होता आणि काकूंच्या दाराशी बुटांचा ढीग. त्यात माझी चौदा वर्षांची सईसुद्धा तिकडेच गेली. मला मिरच्या झोंबल्या.

इथल्या हायस्कूलमध्ये आपली एक भाषा शिकवा, मराठी किंवा संस्कृत, अशी मागणी करायचं इथल्या मराठी मंडळानं ठरवलं, तेव्हा सभेत मी उठलेच. ‘जिवंत भाषा पोरांच्या तोंडून जातेय आणि मेलेली कशाला शिकवायची?’

काकू बसल्याजागीच म्हणाल्या, ‘मी डॉक्टर होती बाप्पा. मेलेलं कसं दिसते ते मला समजते.’

सभा हसली. मागणी संस्कृतचीच गेली.

एका शनिवारी मी सईला न्यायला लवकर पोचले. जिन्यातच तिचा आवाज आला, ‘पण काकू, इथे रामाय काहून होते?’ मी तिथेच थांबले. ही माझी मुलगी! घरी मी मराठीत विचारणार आणि ती ‘फाइन, मॉम’ म्हणून खोलीत जाणार.

‘काय जादू केलीत?’ मी काकूंना विचारलं. हसून विचारलं, पण आत जळत होतं.

‘जादू कायची? मी संस्कृत समजावते मराठीतून. लेकरांना दुसरा रस्ताच नाही ठेवला. तू मराठी शिकवते, अन् समजावते इंग्रजीतून.’

खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

पुढे बर्फात गुडघे साथ देईनात, म्हणून काकू मुलाकडे, बर्फ न पडणाऱ्या चँडलर गावी, कायमच्या निघाल्या. त्यांचा निरोप घेऊन आम्ही परतलो. गाडीत सई खिडकीबाहेर बघत होती.

‘काय झालं गं?’ मी विचारलं.

‘आई, काकूंची आत्तापासूनच आठवण येऊन राहिली.’

मी गाडी कडेला घेतली, तिला जवळ ओढलं. माझेही डोळे भरले. लेक माझ्याशी पहिल्यांदाच अख्खं वाक्य मराठीत बोलली होती. तेही नागपुरी, आणि तेही काकूंसाठी.