पंचाखालचा तास

आमच्या शाळेतले वाणिज्याचे मास्तर व्यापार पुस्तकातून शिकवत नसत. इतवाऱ्याच्या बाजारातल्या दलालांसारखे ते हातावर पंचा टाकत आणि आत बोटं दाबून पोरांना केळीचा भाव करायला लावत. अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का. "तोंड मिटलंस, पण भाव डोळ्यांत दिसतोय रे!" मास्तर पोराला टोकत.

नवं राज्य झालं आणि भोपाळहून शिक्षण खात्याचे साहेब तो तास बंद करायला आले. मास्तरांनी अदबीनं त्यांच्या हातावर पंचा टाकला. साहेबांनी हसत पंजा दाबला.

संध्याकाळी साहेबांच्या दारात केळीनं भरलेली, निंबोला गावची बैलगाडी उभी.

"ये क्या है, मास्टरजी?"

"सौदा, साहब. आपने ही पक्का किया."

साहेबांनी खिशातला रुमाल काढून मास्तरांच्या हातावर टाकला आणि आत बोटं दाबली. गाडी परत गेली, तास चालू राहिला.

रुमालाच्या आत काय ठरलं, असं मी विचारलं की मास्तर हसत पंचा माझ्याकडे आणत, आणि मी पटकन हात मागे घेई.