विजयनगरातला २.९ वर अडकणारा प्रोसेसर

मी टेस्टिंगवाला माणूस आहे, हे आधी सांगून टाकतो. म्हैसूरजवळ हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात अकरा वर्षं सर्किट बोर्ड तपासतोय. "त्या मशीनमध्ये काहीतरी आहे हो" असं कोणी म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. काहीतरी म्हणजे काय? सुटलेला सोल्डर, फुगलेला कपॅसिटर, नाहीतर झोपाळू ऑपरेटर. बायको म्हणते, याच्यासमोर भूत उभं राहिलं तरी हा आधी त्याला मल्टिमीटर लावेल. असा मी आज गूढ अनुभवांच्या या सदरात लिहितोय... हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा.

गिरीश हा माझा म्हैसूरमधला पहिला मित्र. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, घरात मराठी, पण निम्मी कन्नडच. माझ्या मुलीच्या बारशाचं शूटिंग करायला आला आणि माझी सांगलीची मराठी ऐकायला मिळाली म्हणून जेवूनच गेला. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग तो इथल्याच विजयनगर भागातल्या घरी बसून करायचा. नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा प्रोसेसरपासून कॅबिनेटपर्यंत सगळं मीच निवडून दिलं. खोक्यावर छापलेलं होतं — वेग ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत. पाच महिन्यांनी गिरीश हृदयविकाराने गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

मागे राहिल्या शुभावहिनी आणि गिरीशची आई. आईंना गल्लीत सगळे अज्जी म्हणतात. त्यांना घरी एकटं ठेवून नोकरीला जाणं शक्य नव्हतं, म्हणून वहिनींनी गिरीशचंच काम हातात घेतलं. महिन्याभरात त्यांचा फोन आला. कॉम्प्युटर फार हळू चालतो, फिल्म तयार व्हायला दुप्पट वेळ लागतो, आणि काम देणारा फोटोग्राफर म्हणतोय की आणखी एकदा उशीर झाला तर दुसऱ्याला देईन. तेच एक गिऱ्हाईक होतं त्यांचं. मशीन मी निवडलेलं, तेव्हा निस्तरायचंही मलाच होतं.

माझी पहिली शिफ्ट दोनला सुटते. तीनच्या सुमारास पोचलो, वेग दाखवणारा प्रोग्रॅम लावला. २.९. फिल्म एक्स्पोर्टला लावली, म्हणजे प्रोसेसरला खरं तर पूर्ण जोर लावायला हवा — तरी २.९. तापमान व्यवस्थित. पॉवरची सेटिंग्ज बदलली, बायोस अपडेट केलं, कूलर काढून थर्मल पेस्ट नवी लावली, पॉवर सप्लाय बदलला. चार दिवस तीनला जात होतो आणि चार दिवस तोच आकडा बघून परत येत होतो. शेवटी विंडोज पुसून कोरं टाकलं. २.९!

मग मशीन उचलून माझ्या घरी नेलं. पहिल्याच मिनिटाला ४.७, आणि कूलरचा पंखा असा घोंघावायला लागला की बायकोने दार लावून घेतलं. म्हटलं, सापडलं, विजयनगरातल्या विजेचा दोष. यूपीएस लावला, इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासलं. फरक शून्य. वॉरंटीत प्रोसेसरच बदलून घेतला. नव्या प्रोसेसरनेही त्या घरात पाऊल टाकताच २.९ दाखवल्यावर मात्र मी हात टेकले.

शेवटचा उपाय म्हणून दर सेकंदाचा वेग नोंदवणारा लॉग चालू ठेवला, रात्री मशीन बंद असायचं तेवढं सोडून. आठवड्याने उघडला तर मी चाटच पडलो. मशीन ४.७ वर चालत होतं की... तासन्‌तास! मधेच २.९ वर उतरायचं आणि पुन्हा वर जायचं. बहुतेक दिवशी हे दुपारी तीनच्या आसपास, पण एके दिवशी पावणेबाराला, एकदा संध्याकाळी पाचला. मी नेमका तीनला जात होतो आणि वहिनीही फिल्म जेवणानंतरच एक्स्पोर्टला लावायच्या, त्यामुळे आम्हाला ते कायम अडकलेलंच दिसत होतं.

वेळांची यादी वहिनींना दाखवली. त्यांनी पावणेबाराच्या नोंदीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, मंगळवारी तापाच्या गोळीने अज्जींना पावणेबारालाच झोप लागली होती. अज्जींची कॉट कॉम्प्युटरच्याच खोलीत आहे. त्या जाग्याच होत्या, त्यांनी ऐकलं.

"माझा डोळा लागला की गिरी पंख्याचा तो आवाज स्वल्प कमी करायचा बघ," अज्जी म्हणाल्या. "झोपेतही कळायचं मला."

बरोबर आहे. गिरीश एका प्रोग्रॅममधून वेग उतरवून ठेवत असणार, म्हणजे पंखा ओरडत नाही. पण तो प्रोग्रॅम मी स्वतःच्या हाताने पुसला होता. प्रोसेसरसुद्धा आता दुसरा होता! पुढचा आठवडाभर वहिनी अज्जींच्या झोपेच्या वेळा कॅलेंडरवर लिहीत होत्या. लॉगशी मिनिटाला मिनिट जुळल्या. माझ्या आग्रहाखातर अज्जींनी एकदा अर्धा तास झोपेचं सोंगही घेतलं. आम्ही फसलो असतो, मशीन फसलं नाही, ४.७ वरच राहिलं.

त्यानंतर अज्जी आठ दिवसांसाठी येलवालला लेकीकडे गेल्या. वहिनींकडे तेव्हा एक मोठी फिल्म होती, गुरुवारी संध्याकाळी द्यायची. वहिनी पहाटेपासून कामाला बसायच्या आणि मशीन तीन दिवस सलग पूर्ण वेगाने चाललं. मला उगाच वाटलं, सुटलो एकदाचे.

गुरुवारी रजा टाकून अकराला गेलो. दार उघडं होतं, आतून पंख्याचा आवाज नव्हता. खोलीच्या दारातूनच स्क्रीन दिसला. फिल्म ६२ टक्के, वेग २.९. असा संताप आला मला! अज्जी तर येलवालला, आता कुणासाठी? हाक मारायला तोंड उघडलं आणि बघितलं तर वहिनी टेबलावर डोकं टेकून गाढ झोपलेल्या. अज्जींनी जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गिरी गेल्यापासून ही धड दोन तास झोपलेली नाही, पलंगावर नुसती बसून असते.

मी पाय न वाजवता बाहेर येऊन पायरीवर बसलो. फोटोग्राफरला फोन केला आणि चक्क खोटं बोललो, की मशीन मी बिघडवलंय, फिल्म उद्या सकाळी मिळेल. त्याने जे काही ऐकवायचं ते ऐकवलं, पण कबूल झाला.

अडीचला आतून पंख्याची घरघर सुरू झाली. उठून डोकावलो. वहिनींचं डोकं अजून टेबलावरच होतं. मग त्यांनी कूस बदलल्यासारखी मान वळवली आणि डोळे उघडले. आधी पंखा, मग डोळे. हे मी स्वतः बघितलंय.

साडेतीन तास तरी झोपलात, असं मी दारातूनच सांगितलं. त्यांनी लॉग वर सरकवून वेळा बघितल्या.

"म्हणजे माझ्यासाठी पण, अण्णा?"

 त्या खूप रडल्या. मी बाहेर उभा राहून रडलो, लपवत नाही.

फिल्म शुक्रवारी सकाळी गेली. फोटोग्राफर कुरकुरला, पण काम अजून त्यांच्याकडेच येतं. या प्रकाराचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कारखान्यातल्या माझ्याहून हुशार दोघांना लॉग दाखवला, त्यांनाही जमलं नाही. कोणाला सुचत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

उपाय मात्र मला सुचला होता. अजिबात आवाज न करणारा मोठा कूलर मिळतो. पंखा ओरडलाच नाही तर वेग उतरायचं कारणच उरणार नाही. मागच्या रविवारी तो घेऊन गेलो. वहिनींनी खोकं हातात घेतलं, वाचलं आणि मला परत दिलं.

"बेडा, नको, अण्णा. राहू दे आहे तसंच," त्या म्हणाल्या. "मला आता झोप लागते."