उत्तरेकडचे ऊन

ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा गावी माझी मुलगी पशुवैद्य आहे. गेल्या जूनमध्ये तिने एका घराचे फोटो पाठवले. बैठे, पत्र्याच्या छपराचे घर आणि भोवती एवढे मोठे आवार, की इंग्लंडमधल्या मेडनहेडची आमची अख्खी गल्ली त्यात मावली असती. खाली तिने लिहिले होते, "तू माझ्याकडे राहायला येणार असशील तरच घेते. मला एकटीला भाड्याची खोली पुरते. शनिवारपर्यंत सांग."

तिचे वडील गेल्यापासून ती मला बोलावत होती. हो किंवा नाही म्हणण्याऐवजी मी वही काढली आणि शंका लिहू लागले. एवढी जागा सोडून मालक का जात आहेत? नळाला पाणी असेल, तर मागे दोन भल्यामोठ्या टाक्या कशाला? प्रत्येक फोटोत आवाराचा डावा कोपरा नेमका वगळलेला का? मालक म्हातारे झाले, मुलाकडे चालले. टाक्या पावसाच्या पाण्याच्या. कोपऱ्यात कोंबड्यांचे गंजके खुराडे आहे. तिची उत्तरे तत्परतेने येत, आणि ती तत्परताही मला संशयास्पद वाटे.

"आई, तू घर बघतेयस की चौकशी आयोग नेमलायस?" तिने फोनवर विचारले.

मी वरमले. तरीही जाहिरातीतले एक वाक्य मला स्वस्थ बसू देईना: स्वयंपाकघर उत्तरेला, दिवसभर ऊन. हे तर धडधडीत खोटे होते. मेडनहेडचे आमचे स्वयंपाकघरही उत्तरेलाच आहे. ते घर घेताना एजंटने "भरपूर उजेड" म्हटले, आम्ही भिडस्तपणे मान डोलावली, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात मी त्या भिंतीवरची काळी बुरशी पुसत आले आहे. उन्हाबाबत खोटे बोलणारा माणूस आणखी काय काय लपवत असेल?

"होकायंत्र घेऊन तिथे उभी राहा आणि मला दाखव," मी म्हणाले. एवढ्या ठामपणे मी सहसा बोलत नाही.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन फोनसमोर बसले. तिथे दुपार कलली होती. ती त्या घराच्या मागच्या अंगणात उभी होती. तिने होकायंत्र कॅमेऱ्यासमोर धरले, काट्याच्या दिशेला तोंड केले आणि डोळे बारीक केले. ऊन तिच्या चेहऱ्यावर होते.

"उत्तर हीच ना?" मी विचारले.

"हीच. आई, इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडूनच जातो. मी लहान असताना तूच शिकवलं होतंस, दिव्यासमोर संत्रं फिरवून."

मला संत्रे आठवले. वहीतल्या सगळ्या शंका संपल्या होत्या. उरली ती एकच, जी मी लिहिण्याचे धाडस केले नव्हते.

"तू मला केवळ कर्तव्य म्हणून बोलावत नाहीस ना? माझी तुला अडचण होईल."

"होईलच की! रोज होईल," ती हसली. "म्हणून तर एवढं मोठं आवार बघितलं. भांडलो की तू टाक्यांपाशी जा, मी खुराड्यापाशी जाईन."

या उत्तरात मला शंका घ्यायला जागा सापडली नाही.

"घे मग," मी म्हणाले. "पण ते खुराडं आधी दुरुस्त करून घे."