उपवासाचं तेल

युद्ध लागलं ते कुठल्या कुठं. पण तिकडं जहाजं अडली, सूर्यफुलाचं तेल कडाडलं, आणि सगळे दुसऱ्या तेलांकडं वळल्यावर शेंगतेलही महागलं. त्यातच आमच्या वडगावच्या साड्यांची मागणी घसरली. व्यापारी म्हणाला, "अण्णा, लोक आधी पोट बघत्यात, मग साडी." दोन मागांपैकी एक मी बंद ठेवला.

आईचा शनिवारचा उपवास बाबा गेल्यापासूनचा. त्याला घाण्याचं शेंगतेलच लागतं. दुसरं तेल पोटात गेलं की उपवास मोडला, असं ती मानते. बायको म्हणाली, "सांगूया त्यास्नी." मीच नको म्हणालो. आई कोरडी भगर खाईल, ते मला बघवणार नाही, असं कारण दिलं. खरं म्हणजे तिच्यापुढं मला कमी पडलेलं दिसायचं नव्हतं. घाण्याच्या डब्यातल्या उरलेल्या तेलात मी आधी थोडं थोडं स्वस्तातलं पामतेल मिसळलं, मग निव्वळ तेच ओतलं.

दीड वर्ष ती तेच खात राहिली. "एकच माग चालतोय, तरी लेकानं माझ्या उपवासाला काय कमी केलं न्हाय," असं शेजारणीला सांगायची. मी माग सुरू करून त्याच्या खडखडाटात बसायचो.

पुढं काम वाढलं. घाण्यावरून खरं तेल आणलं. वाटलं, सुटलो एकदाचा. शनिवारी आईनं पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं.

"वास येतोय रं. भेसळ हाय ही."

"न्हाय गं, चांगलं हाय."

"तुला काय कळतंय? चल."

डबा घेऊन ती घाण्यावर गेली, मागं मी. चार गिऱ्हाइकं उभी होती.

"आता काय बी पिळतोस व्हय रं? दीड वर्ष लई चांगलं दिलास, आन् आताच काय झालं?"

"आक्का, दीड वर्ष तर..." घाणेवाल्यानं माझ्याकडं बघितलं. तेवढ्या दिवसांत मी त्याच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. मी खाली बघितलं. एका बाईनं पुढं केलेली बाटली मागं घेतली.

"चुकलं आक्का," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "आधीचंच आण."

तेच आणतोय. आता शेंगतेल परवडतं, पण तिला चालत नाही. खरं सांगितलं तर दीड वर्षाचे उपवास तिच्याकडनं काढून घ्यायचे, आणि त्या घाणेवाल्यापुढं तिला चूक कबूल करायला परत उभं करायचं. म्हणून दर शनिवारी तिचं ताट मीच वाढतो, आणि बाजारात जाताना घाण्याची गल्ली टाळून लांबनं जातो.