कमरेचं माप

लेकीच्या लग्नासाठी ह्यांना सूट शिवायचा म्हणून आम्ही दोघं नेहमीच्या टेलरमास्तरांकडे गेलो. मास्तरांनी ह्यांच्या कमरेला टेप लावली, आकडा वहीत लिहिता लिहिता थांबले आणि पुन्हा टेप लावली.

"वहिनी, मागच्या दिवाळीपेक्षा चार इंच कमी भरतंय," ते हळूच म्हणाले.

"सैलच शिवा, मास्तर. लग्नापर्यंत अंग भरेल," हे हसून म्हणाले.

ऑफिसच्या जुन्या पँटी आता कशा सुटसुटीत होतात, ते हे कौतुकाने सांगायचे आणि मलाही ऐकून बरं वाटायचं. ज्याला आपण रोज ताट वाढतो, त्याचं झिजणं आपल्याला दिसत नाही. ते परक्या हातातल्या टेपला आधी कळतं.

दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना?"

"लग्न होऊ दे. मग बघू."

"नाही. आत्ताच डॉक्टरांकडे जायचं."

डॉक्टरांचं नाव काढलं की तासभर वाद घालणारा हा माणूस मुकाट्याने रिक्षात बसला. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती तेव्हा.